शून्य दाबा, मागे या

सत्त्याण्णव सालची दिवाळी सरली आणि शेजारच्या धाटाव एमआयडीसीतल्या एका कंपनीने आपला जुना कॉम्प्युटर आमच्या रोहा-अष्टमी नागरिक मंडळाला भेट दिला. मंडळाचे अध्यक्ष जनूशेठ यांनी तो रिक्षातून मिरवत आणला, स्टँडासमोरच्या मंडळाच्या खोलीत टेबलावर ठेवला, त्याला हार घातला आणि नारळ फोडला. नारळाचं पाणी नेमकं बटणांच्या पाटीवर उडालं आणि क्यू हे अक्षर कायमचं बसलं. मराठीला क्यू लागत नाही, म्हणून कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

या यंत्राचं करायचं काय, यावर बैठक बसली. एकाचं म्हणणं, यावर पत्रिका जुळवता येतात म्हणे. दुसऱ्याचं म्हणणं, नुसतं ठेवून द्यावं, शोभा येते. खरं तर इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी पडलो गणिताचा मास्तर. मुलांनी विचारलं नाही तरी उत्तर सांगायची सवय. त्यातून मे महिन्याच्या सुट्टीत पेणला, माझ्या मूळ गावी, रामवाडीतल्या प्रविण म्हात्रेच्या क्लासात मी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. प्रविण आमच्या शेजारचा, माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान, आणि मला तो चारचौघांत 'सर, हुशार आहात' म्हणाला होता. अशी वाक्यं माणसाला कुठे नेऊन सोडतील सांगता येत नाही.

मी उभा राहिलो. "समजा, गावात परका माणूस उतरला. त्याला डॉक्टर हवाय, बँक हवीय, लॉज हवंय. तो कोणाला विचारतो?"

"मला," जनूशेठ म्हणाले. त्यांचं किराणा दुकान स्टँडाला लागूनच आहे.

"आणि तुम्ही नसाल तेव्हा?"

"मी कधी नसतो?"

हा मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं आणि योजना मांडली. रोहा माहिती यंत्र! पहिल्या पडद्यावर नऊ ओळी. एकचं बटण दाबलं की देवळं, दोनचं दाबलं की डॉक्टर, तीनचं दाबलं की बँका. प्रत्येक ओळीमागे दुसरा पडदा, गरज पडली तर त्यामागे तिसरा. कुठेही असा, शून्य दाबलं की मागे. लहान मूलही वापरू शकेल.

टाळ्या पडल्या. सव्वीस जानेवारीला उद्घाटन, असं तिथल्या तिथे ठरलं. मी घरी आलो तो अधांतरीच चालत आलो. विमलने, म्हणजे माझ्या पत्नीने, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात मीठ कुठल्या बरणीत असतं ते तुम्हाला सापडत नाही. आणि तुम्ही गावाला वाट दाखवणार?"

प्रोग्रॅम लिहिणं हे कठीण काम आहे असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. कठीण काम आहे ते कोणाला कुठल्या पडद्यावर बसवायचं हे ठरवणं. लग्नाच्या पंगतीत जसा मान असतो, तसा पडद्यालाही असतो, हे प्रविणने क्लासात शिकवलं नव्हतं.

ग्रामदैवत धावीर महाराजांचं देऊळ पहिलं, यावर वाद नव्हता. त्यानंतरच्या प्रत्येक ओळीवर होता. संध्याकाळ झाली की आमच्या ओटीवर माणसं यायला लागली. येणारा सहज आल्यासारखा यायचा, चहा घ्यायचा, हवापाण्याचं बोलायचा आणि उठता उठता विचारायचा, "सबनीस सर, मी कितव्यावर आहे?"

जनूशेठ तर दुसऱ्याच दिवशी आले. "पहिल्या पडद्यावर माझं दुकान."

"शेठ, पहिल्या पडद्यावर 'बाजारपेठ' आहे. ती दाबली की 'किराणा'. तो दाबला की तुमचं दुकान."

"म्हणजे माझ्या दुकानात यायला तीन दारं? आज गिऱ्हाईक सरळ येतं. दार पण नाय मला, नुसतं शटर हाय!"

डॉक्टरांचं प्रकरण याहून नाजूक. वयाने लावावं तर एक डॉक्टर वय सांगेनात, पदवीने लावावं तर दुसरे पदवी सांगेनात. शेवटी मी वर्णानुक्रमे लावायचं ठरवलं. त्यावर एक दाताचे डॉक्टर म्हणाले, 'ज्ञ'पर्यंत जाईस्तोवर माणसाचे दात पडतील. फक्त होमिओपॅथीचे डॉक्टर समजूतदार निघाले. "मला शेवटी टाका सर. पेशंट तसाही माझ्याकडे शेवटीच येतो."

मग सार्वजनिक सोयींची माहिती घ्यायला मी एका कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी मला आधी अर्ज आणायला सांगितला, मग अर्जाचं कारण सांगायला सांगितलं आणि मग सांगितलं की गावात स्वच्छतागृहं दोन आहेत.

"एकच आहे," मी म्हणालो. "स्टँडाच्या मागे."

"दोन आहेत. दुसरं बाजाराजवळ."

"बाजाराजवळ मी रोज जातो. तिथे पिंपळ आहे."

"पिंपळापाशीच मंजूर झालंय. यंत्रात दोन दाखवा. एक दाखवलंत तर चौकशी लागेल." त्यांनी जरा थांबून भर घातली, "तुमच्यामागे."

मी दोन दाखवली.

एवढं होऊनही गाडा चालला होता. मंडळाच्या खोलीत बसून मी रोज शाळा सुटल्यावर पडदे बांधत होतो. एके दिवशी कौतुक बघायला म्हणून विमलला घेऊन गेलो. तिने पहिला पडदा नीट वाचला. देवळं, डॉक्टर, बँका, बाजारपेठ, सार्वजनिक सोयी... तिचं बोट शेवटच्या ओळीपर्यंत आलं.

"अष्टमी कुठाय?"

अष्टमी म्हणजे कुंडलिकेच्या पलीकडच्या काठावरची वस्ती, मध्ये पूल, आणि विमलचं माहेर. मी नऊ दाबलं. नऊवर लिहिलं होतं 'इतर'. 'इतर'मध्ये होतं: गॅस एजन्सी, बर्फाचा कारखाना, अष्टमी.

विमल तशीच वळून घराकडे चालू लागली. ती बोलली असती तर बरं झालं असतं. रात्री पानात वरणभात होता. सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, खिचडी करणार होती, सोडे भिजतही घातले होते, ते मी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांचं काय झालं ते विचारायचा धीर मला झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माझे सासरे अप्पा टिपणीस पूल ओलांडून आले. अप्पा निवृत्त हेडमास्तर. आवाज कधी चढवत नाहीत, त्याची त्यांना गरज पडत नाही.

"जावईबापू," ते खुर्चीत बसत म्हणाले, "कुंडलिकेवर पूल झालाय."

"हो अप्पा."

"बरीच वर्षं झाली."

"हो."

"तुमच्या यंत्रापर्यंत बातमी पोचलेली दिसत नाही."

त्याच दिवशी अष्टमी पहिल्या पडद्यावर आली. पण अप्पा एवढ्यावर थांबणारे नव्हते. अष्टमीला स्वतःचे डॉक्टर हवेत, स्वतःची दुकानं हवीत, आणि बाहेरगावाहून ठरलेल्या वारी येणारे डॉक्टरसुद्धा हवेत. ते त्यांच्या शेजारच्या बंगलीत बसतात, याचा अप्पांना फार अभिमान. शिवाय रोह्याच्या डॉक्टरांच्या पडद्यावरून थेट अष्टमीच्या डॉक्टरांकडे जाता आलं पाहिजे. "नाहीतर पूल कशाला म्हणायचं?"

मी तसा पूल बांधला. आणि इथेच सगळा घोटाळा सुरू झाला. रोह्यातून पुलावरून अष्टमीत गेलं आणि शून्य दाबलं, की माणूस जिथून आला तिथे परत जायच्याऐवजी अष्टमीच्याच मुख्य पडद्यावर जाऊन उभा राहायचा. मी दुरुस्ती केली, तर अष्टमीचा अष्टमीतच असलेला माणूस शून्य दाबून रोह्यात पोचायला लागला. मागे म्हणजे नक्की कुठे, या प्रश्नावर मी वर्गातसुद्धा विचार करू लागलो. फळ्यावर त्रिकोण काढायचा म्हणून गेलो आणि पूल काढून आलो.

शेवटी मी सोपा उपाय केला. प्रत्येक पडद्यावर शून्याला वेगळं सांगून ठेवलं, इथून शून्य दाबलं तर अमुक पडदा नव्याने दाखव. घरी चालवून बघायला कॉम्प्युटर नव्हता, आणि मंडळाच्या खोलीत मी बघेपर्यंत सव्वीस जानेवारी उजाडली.

उद्घाटनाला रोह्यातले सर्वांत वडीलधारे शिक्षक नानासाहेब चिटणीस यांना बोलावलं होतं. नव्वदीच्या घरातले, पण ताठ. पांढरंशुभ्र धोतर, हातात काठी. झेंडावंदन झाल्यावर सगळं गाव खोलीत आणि खोलीच्या बाहेर गोळा झालं. अष्टमीची मंडळी अप्पांच्या मागे एका बाजूला, रोह्याची दुसऱ्या बाजूला, मध्ये यंत्र आणि मी.

"दाबा नानासाहेब, कुठलंही बटण दाबा," मी म्हटलं. कुठलंही असं म्हणायला नको होतं.

नानासाहेबांनी पाच दाबलं. सार्वजनिक सोयी आल्या. टाळ्या. मग त्यांनी सहा दाबलं. पडद्यावर आलं: 'स्मशानभूमी. चोवीस तास उघडी. लाकूड मिळेल.'

टाळ्यांसाठी उचललेले हात खाली आले.

"शून्य दाबा नानासाहेब, मागे याल," मी घाईघाईने म्हणालो.

त्यांनी शून्य दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. स्मशानभूमी जागची हलेना. सगळ्या पडद्यांना मी परतीची वाट ठेवली होती, या एकाच पडद्याला विसरलो होतो. यामागे माझा कसलाही तात्त्विक हेतू नव्हता, हे मी तेव्हा सांगितलं आणि आजही सांगतो.

नानासाहेबांनी तिसऱ्यांदा शून्य दाबलं आणि शांतपणे माझ्याकडे वळले. "बरोबर आहे सबनीस. माहिती अचूक आहे."

लोक हसले, नानासाहेबही हसले, आणि खरं म्हणजे तिथेच कार्यक्रम आटोपायला हवा होता. पण मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. आता लोकांची भीड चेपली होती. अष्टमीच्या एकाने बटण दाबून अष्टमी आणली. रोह्याच्या एकाने शून्य दाबून रोहा आणलं. त्याने पुन्हा अष्टमी, याने पुन्हा रोहा. पुलावरून असं जाणं-येणं बराच वेळ चाललं, आरडाओरडा वाढला, आणि एकदम पडदा काळा होऊन त्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली.

"काय म्हणतंय?" जनूशेठनी विचारलं.

मी ती ओळ दोनदा वाचली. शब्दशः अर्थ सांगायचा तर, घरटी फार खोल गेली आहेत.

"घरटी?" जनूशेठ यंत्राच्या मागे वाकून बघू लागले. "चिमण्या असतील आत. तरी मी सांगत होतो, जुना माल हाय."

पुढचे दिवस कसे गेले ते मी थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर सांगण्यासारखे नव्हते. शाळेत माझं नाव 'शून्यसर' पडलं. गणिताच्या मास्तराला हे नाव खरं म्हणजे भूषणावह वाटायला हवं, कारण शून्य आपण जगाला दिलं. पण मुलं ते ज्या सुरात म्हणायची त्यात भारतीय परंपरेचा अभिमान दिसत नव्हता. मंडईत एकजण म्हणाला, "सर, वांगी घ्या, आवडली नाय तर शून्य दाबा." आणि अप्पा पुलावर भेटले तेव्हा नुसतेच म्हणाले, "असू द्या." मला वाटतं, मला तेच जास्त लागलं.

विमलने मात्र त्या रविवारी भल्या सकाळी उठून घावणे केले, डब्यात भरले आणि म्हणाली, "पेणला जा. प्रविणला विचारा. विचारण्यात कमीपणा नसतो."

"लोक हसतात."

"हसू देत. माझं माहेर पहिल्या पडद्यावर आहे, तो पडदा बंद ठेवलेला मला चालायचा नाही."

मी फ्लॉपीत सगळा प्रोग्रॅम घेतला, ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि एसटीत बसलो. शेजारी एक माणूस होता, धरमतरच्या जेटीवर बार्जवर कामाला जाणारा. मी पिशवी छातीशी धरून बसलेला बघून त्याने विचारलं, "काय हाय त्यात?"

"रोहा," मी म्हणालो. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"अख्खा?"

"अष्टमीसकट."

तो वडखळ येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला.

रामवाडीत प्रविणच्या घरी पुढच्या खोलीत क्लास आणि मागच्या पडवीत त्याच्या आईचे पापड. पेणचे पापड जगप्रसिद्ध आहेतच, त्यातले निम्मे म्हात्रे काकू लाटतात असा माझा अंदाज आहे. प्रविणने फ्लॉपी घातली, माझा प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत वाचला आणि डोक्याला हात लावला.

"सर, तुम्ही मागं जातच नाय."

"शून्य दाबल्यावर मागचाच पडदा येतो की."

"मागचा नाय येत. तसाच दिसणारा नवीन पडदा येतो. जुना आत उघडाच ऱ्हातो. म्हणजे खोलीतनं बाहेर पडायचं, तर तुम्ही दार उघडायच्याऐवजी आत अजून एक खोली बांधता नि तिला बाहेर म्हणता. असं करून करून खोलीत खोली खोल खोल जाते नि मशीन शेवटी सांगतं, आता जागा नाय. तीच ती घरटी."

एका कॉम्प्युटरमध्ये आपण इतक्या खोल्या बांधल्या, आणि रोह्यात स्वतःच्या घराची मागची मोरी अजून दुरुस्त होत नाही, हा विचार मनात येऊन गेला.

"मग करायचं काय?"

प्रविण उठला आणि पडवीतून वाळलेले पापड घेऊन आला. एक माझ्यासमोर ठेवला. "हा पहिला पडदा. इथनं रोह्याच्या डॉक्टरांकडे गेलात." त्यावर दुसरा ठेवला. "तिथनं पुलावरनं अष्टमीत." तिसरा ठेवला. "आता शून्य दाबा."

मी वरचा पापड उचलला. खाली रोह्याचे डॉक्टर होते.

"पुन्हा दाबा."

दुसरा उचलला. खाली पहिला पडदा.

"बस! एवढंच लक्षात ठेवायला सांगायचं मशीनला. जाताना वर ठेव, येताना वरचा काढ. माणूस कुठूनही कुठेही जाऊ दे, आला त्याच वाटेने परत जातो."

मला इतका आनंद झाला की मी आणखी पापड मागितले. आम्ही अष्टमीतून बँकेत गेलो, बँकेतून लॉजवर गेलो, स्मशानभूमीत जाऊन सुखरूप परत आलो. चळत चांगली उंच झाली होती. तेवढ्यात तिच्यावर माझं कोपर पडलं.

म्हात्रे काकू दारात उभ्या होत्या. "शिक्षण तुमचं होतं नि पापड माजे मोडतात," त्या म्हणाल्या. मग मोडलेले सगळे गोळा करून त्यांनी तळले आणि आम्हाला चहाबरोबर खायला घातले. अख्खं रोहा त्या दिवशी मी आणि प्रविणने मिळून संपवलं.

फेब्रुवारी सरायच्या आत यंत्र दुरुस्त झालं. शून्य दाबलं की माणूस जिथून आला तिथे, अगदी त्याच ओळीवर परत. प्रत्येक पडद्यातून बाहेर पडता येतं की नाही ते मी आणि विमलने मिळून तपासलं. पण आता कोणी येईना. आलं तरी दाराशी उभं राहून हसून जायचं. जनूशेठ यंत्रावर आपली टोपी ठेवू लागले. मार्चमध्ये बैठक झाली आणि ठरलं की मंडळाला खोली मोकळी हवी, यंत्र भंगारात द्यावं. मी विरोध केला. अप्पांनी माझ्या बाजूने हात वर केला, आणखी एकही हात वर झाला नाही.

भंगारवाला यायचा होता तो दिवस गुरुवार. जनूशेठ, मी आणि अप्पा दुपारी खोलीत होतो. अप्पा नुसते सोबतीला आले होते. मी यंत्र शेवटचं म्हणून चालू करून बसलो होतो. समोर खाडीकडची एसटी लागली आणि तिच्यातून एक बाई उतरली ती धावतच आमच्या दाराशी आली. कासोटा घातलेलं लुगडं, कडेवर चार वर्षांची नात, नात रडून रडून लाल.

"डाक्टर कुठं ऱ्हातो? पोरीनं नाकात चिंचोका घातलाय! लई आत गेलाय!"

बाईंचं नाव गोदूबाई, मिठागरावर काम करणाऱ्या. नातीचं नाव पुतळी. हे नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळत होतं की पोर एका नाकपुडीने श्वास घेतेय.

जनूशेठ ताडकन उठले. वाट सांगणं हा त्यांचा हक्कच होता. "वैद्य डॉक्टरांकडे जा, समोरच्या... नाय, थांबा. ते लग्नाला गेले."

"मग राजे डॉक्टर," अप्पा म्हणाले.

"राजे डॉक्टरांच्याच मुलाचं लग्न हाय ना पेणला! सगळेच गेलेत."

जनूशेठच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच असं काही पाहिलं. त्यांना वाट सांगता येत नव्हती. "तपकीर आणतो," ते पुटपुटले. "शिंक आली की बाहेर पडेल."

"नको!" मी ओरडलो. "आणखी आत जाईल." मी खुर्ची ओढली आणि दोन दाबलं.

डॉक्टरांची ओळ आली. पहिलं नाव उघडलं. जनूशेठ माझ्या खांद्यावरून बघत म्हणाले, "लग्नाला." शून्य. दुसरं नाव. "लग्नाला." शून्य. तिसरं. "हे वरातीत नाचणार हायत." शून्य. यंत्र न अडखळता मला दर वेळी त्याच ओळीवर आणून सोडत होतं. खाली शेवटी अप्पांचा पूल होता. मी तो दाबला. अष्टमी. बाहेरून येणारे डॉक्टर.

'कान, नाक, घसा. दर गुरुवारी. दुपारी चारपर्यंत.'

"आज वार काय?" मी विचारलं.

"गुरुवार!" अप्पा उभे राहिले. मी त्यांना आवाज चढवताना पहिल्यांदाच ऐकलं. "माझ्या शेजारी! अहो, माझ्या शेजारच्या बंगलीत, आणि मलाच सुचलं नाही! रिक्षा!"

जनूशेठनी अनवाणी धावत जाऊन रिक्षा आणली. आम्ही सगळे तिच्यात कसे बसलो ते त्या रिक्षावाल्यालाच ठाऊक. पुलावरून जाताना पुतळी रडायची थांबली आणि नदी बघू लागली. गोदूबाई सारख्या म्हणत होत्या, "पोच गो बाय, पोच," ते नातीला म्हणत होत्या की रिक्षाला, कळत नव्हतं.

डॉक्टर बॅग घेऊन निघतच होते. त्यांनी बॅग खाली ठेवली, पोरीला आजीच्या मांडीवर बसवलं, एक बारीक वाकडी सळई घेतली आणि अलगद चिंचोका बाहेर काढला. तपकिरी, चकचकीत. पुतळीने खोल श्वास घेतला, चिंचोक्याकडे बघितलं आणि हात पुढे केला.

"माजा हाय," ती म्हणाली.

गोदूबाई तिच्या पाठीत एक धपाटा घालून तिला पोटाशी धरून रडायला लागल्या. अप्पांनी चष्मा पुसला. जनूशेठ, जे आयुष्यात कोणाला पहिलं स्थान देत नाहीत, डॉक्टरांना म्हणाले, "मशीनमुळे सापडलात." मग माझ्याकडे न बघता त्यांनी भर घातली, "सबनीस सरांच्या."

आम्ही परत आलो तेव्हा भंगारवाला दाराशी थांबला होता. जनूशेठनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

पुढच्या आठवड्यात ही गोष्ट गावभर झाली. खोलीत माणसं येऊ लागली. कोणी खरंच काही शोधायला, कोणी नुसतंच पुलावरून जाऊन यायला. शाळेत मला अजूनही शून्यसर म्हणतात, पण आता मुलं ते मोठ्याने, समोर म्हणतात, आणि यात फरक असतो.

आणि एका सकाळी गोदूबाई परत आल्या. पुतळी बोट धरून होती, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या. गोदूबाईंच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला हातभर जिताडा होता, खाडीतून त्याच पहाटे काढलेला. त्या आत आल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि मासा थेट यंत्रासमोर टेबलावर ठेवला.

"अहो, हे काय," मी म्हणालो.

"त्याला नाय, तुमाला. पन त्याला दावला पायजे ना आदी."

मग त्या पडद्याकडे बघत राहिल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ओळींवरून नजर फिरत होती.

"मास्तर, ह्यात आमचा गाव हाय का? जुईखार?"

नव्हतं. रोहा होतं, अष्टमी होती, पिंपळाखालचं न बांधलेलं स्वच्छतागृहसुद्धा होतं. जुईखार नव्हतं. मला 'इतर' आठवलं.

"नाय ना?" त्यांनी माझं तोंड बघून ओळखलं. "नसू दे. तिथं कोन जातोय."

"काय काय आहे तुमच्या गावात?" मी खुर्चीवर बसत विचारलं.

"काय असनार? मिठागर हाय. खाडी हाय. येक मारुती हाय. आन आमी हाव."

मी पहिल्या पडद्यावर जागा केली. बँकांची आणि लॉजची ओळ एक केली. बँकवाले आणि लॉजवाले संध्याकाळी ओटीवर येणार हे मला माहीत होतं, येऊ देत. मग जुईखारचा पडदा लिहिला. मिठागर. खाडी. मारुतीचं देऊळ. जिताडा मिळेल, गोदूबाईंना विचारा. सगळं मोठ्या अक्षरांत.

"हे बघा," मी त्यांचं बोट धरून बटणावर ठेवलं. त्यांनी दाबलं.

पडद्यावर गाव आलं. गोदूबाई पुढे वाकल्या. एकेका ओळीवर बोट ठेवून त्या विचारत गेल्या, हे काय, हे काय, आणि मी वाचत गेलो. स्वतःचं नाव आलं तिथे त्यांचं बोट थांबलं. पुतळीला त्यांनी उचलून टेबलाशी धरलं.

"बघ गो, आपला गाव."

बाहेर खाडीकडच्या एसटीने हॉर्न दिला. मी पडदा बंद करायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे तसाच जरा," गोदूबाई म्हणाल्या. "आमी गाडीत बसंपावत."

त्या खिडकीशी बसल्या. गाडी हलली, वळली आणि आमच्या दारासमोरून गेली, तेव्हा दोघी काचेला नाक लावून आत बघत होत्या. गाडी पुलाकडे दिसेनाशी होईपर्यंत मी कुठलंच बटण दाबलं नाही.